नानीबाईची घागर

नानीबाई डोक्यावर घागर घेऊन निघाली तेव्हा सारा तांडा दारात उभा होता आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

नाल्यापलीकडे आंब्याखाली शेजारच्या तांड्याचा नाईक किसनसिंग पंचवीस लाठीवाले घेऊन बसला होता. बोलावणं नानीबाईचंच. पण या दोन तांड्यांत जुनी रीत होती. परक्या तांड्यात लाठी घेऊन शिरायचं तर आतल्या माणसानं बाहेर येऊन पाणी पाजायला हवं. पाणी पाजलं की तुम्ही मदतीला आलात. नाही पाजलं तर हल्ला करायला आलात.

नाईकपदावरून उतरवायचं होतं रामसिंगाला, नानीबाईच्या स्वतःच्या तांड्याच्या नाईकाला. होळीच्या बैठकीत त्यानं फर्मान सोडलं होतं, की दर घरानं त्याच्या शेतात बारा दिवस फुकट राबायचं. सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. नानीबाईच्या लेकानं, सोमलानं मात्र विचारलं, "काहून?" का म्हणून, तेवढाच एक शब्द. त्याची शिक्षा अशी, की सोमलाशी कोणी बोलायचं नाही, त्याला कोणी पाणी द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही. तेव्हापासून तो तांड्याबाहेर बाभळीखाली पडून होता. आई पदराखाली भाकर लपवून नेई, पण दोन महिन्यांत त्याच्या पोटात गरम घास गेला नव्हता. हाडं दिसायला लागली होती. नानीबाईला रात्री झोप येत नसे.

किसनसिंग तिला पाहून उठला. तो खरोखर भला माणूस होता. बदल्यात त्यानं काही मागितलं नव्हतं.

"भिऊ नको, बाई," तो म्हणाला. "निजामाले काय लोकाईनं एकट्यानं उतरवलं? बाहेरून फौज आली, पाच दिवसांत खेळ खतम. आता पैनगंगेपलीकडं लोक सुखानं नांदून राह्यले."

"निजाम गेला ते बरंच झालं," नानीबाई म्हणाली. "पन त्याच पाच दिवसांत तिकडं माह्या बहिणीचं घर जळालं. कोनी जाळलं, तिले आजवर मालूम नाई."

किसनसिंगाचा चेहरा उतरला. "सुक्यासंगं ओलंबी जळते, बाई. त्याले इलाज नाई. आता सांग, रामसिंगाची मानसं कोनती? आमाले वळखू येत नाईत."

नानीबाईनं वळून पाहिलं. रामसिंगाच्या खाटेभोवती सहा लाठीवाले उभे होते. एक तिच्या नणंदेचा लेक. दुसरा सोमलाच्या बरोबरीचा, दोघं एका ताटात जेवलेले. तिसऱ्याच्या लग्नात तिनं घसा बसेपर्यंत गाणी म्हटली होती. बोट दाखवायचं तर कोणाकडे दाखवायचं? तिला एकदम रडू आलं.

तिनं घागर खाली घेतली. माणसं उन्हातून आली होती, त्यांनी ओंजळी पुढे केल्या.

"माफ करजा, नाईक," ती म्हणाली. "हे पानी तुमाले नाई देत."

घागर पुन्हा डोक्यावर घेऊन ती उलट्या पावली फिरली, तशीच आपल्या झोपडीत शिरली आणि सगळं पाणी तिनं चुलीत ओतलं.

तांड्यात पेटत्या चुलीत पाणी ओततात ते एकाच प्रसंगी. घर तांडा सोडून निघतं तेव्हा. असं निघणाऱ्याला नाईकही अडवू शकत नाही. आणि पाण्यानं विझवलेली चूल परत पेटवायची तर दुसऱ्याच्या चुलीतला विस्तव मागून आणावा लागतो, काडेपेटी चालत नाही. नानीबाई चुलीचे तीन दगड टोपलीत घेऊन बाहेर आली.

"मी चालली," ती ओरडली. "ज्याले यायचं त्यानं यावं."

रामसिंग खाटेवरून हसला. एक म्हातारी गेल्यानं त्याचं काय बिघडणार होतं?

तेवढ्यात शेजारच्या झोपडीतून चर्र आवाज आला. मग पलीकडच्या. मग दोन एकदम. झोपड्यांतून धूर निघायला लागला. लाठीवाल्यांच्या बायकांनीही घागरी उपड्या केल्या. घरची चूल विझल्यावर लाठीवाले तरी जेवणार कुठं? एकेक करून तेही खाटेपासून सरकले.

"कोनी हलाचं नाई! तांडा माहा हाय!" रामसिंग ओरडत राहिला.

शेवटचा चर्र आवाज त्याच्या पाठीमागून आला. त्याची बायको रामीबाई डोक्यावर टोपली घेऊन दारातून बाहेर पडली आणि त्याच्याकडे न पाहता नाल्याकडे चालू लागली.

पलीकडचा माळ पडीक होता. संध्याकाळपर्यंत तिथं तीस घरांची पालं उभी राहिली. किसनसिंगाच्या पंचवीस लाठ्या पालांच्या मेढी झाल्या. पहिला विस्तवही त्याच्याच तांड्यातून आला, आणि नानीबाईच्या सांगण्यावरून पहिली चूल पेटली ती बाभळीखालून आलेल्या सोमलाची. त्यानं गरम भाकरीचा घास तोंडात घातला आणि त्याचे डोळे भरून आले.

दिवस मावळताना नाला ओलांडून रामसिंग आला. एकटाच. हातात विस्तवासाठी रिकामं खापर होतं. तो एकेका चुलीपुढं थांबला, पण मागायला तोंड उघडेना. सोमलाच्या चुलीपुढं आला तेव्हा सगळा माळ वळून पाहू लागला.

सोमलानं हातातली भाकर बाजूला ठेवली. चुलीतून चांगले फुललेले दोन निखारे काढले आणि त्या खापरात टाकले.

रामसिंग निखाऱ्यांकडे पाहत राहिला.

"काहून?" त्यानं विचारलं.

सोमलानं भाकर पुन्हा हातात घेतली. बोलली नानीबाई.

"इचार, रामसिंग," ती म्हणाली. "या तांड्यात इचारता येते."