हललेला पाय

सुप्यातल्या एका कारखान्याच्या शेडवरून पडला, तेव्हापासून गोरक्षला कमरेखालचं काहीच कळत नव्हतं. त्याला कुशीवर वळवायचं, सतत झोपून राहिल्याने झालेली माकडहाडावरची जखम धुवायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, सगळं त्याची बायको रेश्माच करायची. आज तिचे वडील तिला कायमची न्यायला तिसगावहून गाडी घेऊन आले होते.

"चल पोरी. ह्यो आता उठनार न्हाई," ते त्याच्यासमोरच म्हणाले.

रेश्माने डोळे पुसत कपड्यांची बॅग उचलली आणि तेवढ्यात चादरीखाली गोरक्षचा पाय जोरात हलला.

"आबा, पाय हलला!" तिच्या हातातली बॅग खाली पडली. "अहो, तुमीच हलवला ना?"

असे झटके आपोआप येतात, बरं होण्याशी त्यांचा संबंध नसतो, हे डॉक्टरांनी गोरक्षला एकट्याला समजावून सांगितलं होतं. त्याने दारातल्या गाडीकडे पाहिलं.

"व्हय. मीच हलवला."

वडील एकटेच परत गेले.

रेश्मा हसत हसत त्याच्या पायाशी येऊन बसली आणि म्हणाली, "आता परत एकदा हलवा बरं."