दुसरी बाटली

घरातल्या सुनेच्या नवऱ्याला टीबी निघाला म्हणून नर्सबाई घरच्यांना तपासायला आल्या. टीबी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या सासूबाईंनी दोन्ही हातांनी घेतल्या. मग बाईंनी दुसरी बाटली सुनेपुढे धरली. "ही एचआयव्ही होऊ नये म्हणून. टीबी आणि एचआयव्ही पुष्कळदा जोडीने येतात, म्हणून टीबीच्या प्रत्येक घरी आम्ही विचारतो. आधी बोटातलं थेंबभर रक्त तपासायचं, एचआयव्ही नसला तर मग रोज एक गोळी." सासूबाई ताडकन उठल्या. "जीभ कशी झडली नाही तुमची? आमची सून उंबरठा ओलांडत नाही!" सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असणारा, भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस नखं कुरतडत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बोट पुढे केलं. "टोचा, सिस्टर. आई, उंबरठा मी नाही ओलांडत. तुमचा मुलगा ओलांडतो, आणि परत माझ्याच अंथरुणात येतो."