वाघीणबाईची तालीम

२०२३ची वाघबारस, दिवाळीच्या तोंडावरचा वाघोबाचा सण. आहुपे गावच्या देवराईपाशी जानकू वाघ झाला होता. अंगावर घोंगडं, चालणं चार पायांवर. पोरं काठ्या आपटत विचारत होती, "आमच्या शिवारात येशील का?" आणि तो दर वेळी नव्या सुरात "नाय रं बाबा, नाय" करत पळत होता. माणूस सत्तरीचा, पण आवाज असा की शेळ्या खरोखर बुजल्या.

गर्दीत पुण्याचा सुदर्शन उभा होता. तो खेळण्यांच्या कंपनीचा माणूस. त्यांच्या 'रानमंडळी' नावाच्या कापडी खेळण्यांवर कार्टून सिनेमा निघणार होता आणि त्याला डोंगरातले खरे आवाज हवे होते.

"वाघोबा तर सापडला," तो म्हणाला. तेवढ्यात खालच्या अंगाला एक बाई म्हशीला शिव्या घालू लागली. सुदर्शनने कान टवकारले. "आणि ही वाघीणबाई. कोण आहेत या?"

सगळे हसले.

"ती ह्याचीच बायको, लंकाबाई," शेजारचा भगवंत म्हणाला. "पण राव, दुसरी वाघीण बघा. दोघांत अबोला हाय."

"सिनेमात तर दोघांचंच बोलणं आहे. एकमेकांशी."

"मंग आमी तिकीट काढून येतो."

प्रतिभा सून म्हणून घरात आली तेव्हापासून तिने सासू-सासऱ्यांना बोलताना ऐकलं नव्हतं. सगळा कारभार म्हशीमार्फत चाले. जानकू म्हणायचा, "म्हशे, कालवणात मीठ नाय." लंकाबाई म्हणायची, "म्हशे, ज्याला पायजे त्याचा हात मोडलाय का?"

कारण जुनं होतं. लंकाबाईची आई आजारी असल्याचा निरोप भाताच्या ऐन आवणीत, रोपं लावायच्या घाईत आला होता. जानकूने आवणी उरकेपर्यंत तो सांगितलाच नाही. ती माहेरी पोचली तोवर दहावा होऊन गेला होता. जानकूला त्यावर बोलायचं होतं, पण ती गोष्ट म्हशीला सांगून भागणारी नव्हती. म्हणून त्याने सुदर्शनने दिलेले सिनेमातल्या बोलण्याचे कागद छातीशी धरले आणि होकार दिला.

लंकाबाईने भात झोडून होईपर्यंत दाद दिली नाही. मग एका सकाळी म्हणाली, "म्हशे, मी कड्यावर जाऊन पावण्याला नाय सांगून येते."

रेंज फक्त कड्यावर मिळे. प्रतिभाने नंबर काढून दिला. हिरवं बटण दाबण्यापुरतं सासूला येत होतं.

ती परतली ती उन्हं डोक्यावर आल्यावर. उंबऱ्यावर बसून तांब्याभर पाणी प्याली.

"नाय म्हणालात का, आत्या?" प्रतिभाने विचारलं.

"बोलणं झालं." तिने तांब्या पालथा घातला. "कागद आण गं. काय म्हणती ती वाघीण?"

कोयत्याला धार लावणाऱ्या जानकूचा हात तिथंच थांबला.

संध्याकाळी अर्धी वाडी ओटीवर जमली. प्रतिभाने पहिली ओळ वाचून दाखवली, "अरे वाघोबा, होतास कुठं इतके दिवस?"

"नवऱ्याला अरं म्हणायचं?"

"वाघाला म्हणायचंय, आत्या."

लंकाबाईने पदर सावरला, जानकूच्या तोंडाकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "अरं वाघोबा, व्हतास कुठं इतकं दीस?"

जानकू आपली ओळ विसरला.

"बघा, वाघ बुजला," भगवंत म्हणाला.

त्या दिवसापासून रोज तालीम. शिमगा झाला की गाडी येणार, सगळे पुण्याला जाणार, अशी बोलणी पाणवठ्यावर चालली. भगवंत फुकटात अस्वल व्हायला तयार होता. साळुबाईने ठेवणीतलं लुगडं उन्हात टाकलं. कोणी गाडीचं विचारलं की लंकाबाई म्हणे, "यील तवा यील." ओळी तोंडपाठ झाल्या तरी ती जानकूला म्हणायची, "पुन्यांदा म्हणा." प्रतिभा ते ऐकून गालात हसायची. वाघाला अरे होतं, नवऱ्याला अहो.

एकदा जानकूने हातातला कागद खाली ठेवला.

"वाघिणी, तुझ्या आईचा निरोप मी दाबला. आवणी बुडंल म्हणून. लई वंगाळ केलं."

प्रतिभाचं बोट पानावरून खाली खाली गेलं. "मामा, हे कागदात नाय."

कोणी हसलं नाही. लंकाबाई त्याच्याकडे वळून बसली.

"अरं वाघोबा," ती म्हणाली, "पुढचं म्हण."

आणि तो म्हणत राहिला. प्रतिभाने कागदाची घडी घातली. लोक हळूहळू उठून गेले.

शिमगा झाला. गाडी आली नाही. शेवटी प्रतिभा कड्यावर जाऊन फोन करून आली. सगळे ओटीवर वाटच बघत होते.

"सिनेमा रद्द झाला," ती म्हणाली. "कंपनीनं ती खेळणीच बंद केली."

साळुबाईने लुगड्याची घडी केली. भगवंत कंपनीच्या नावाने बोटं मोडत गेला. जानकू मान खाली घालून बसला होता.

"आवं, जेवून घ्या," लंकाबाई म्हणाली. "भाकर निवंल."

भगवंत अजून सांगतो की अस्वल घेतलं असतं तर सिनेमा चालला असता. साळुबाई ते लुगडं नेसून भाच्याच्या लग्नात मिरवली. सुदर्शनने ती नोकरी सोडली. आता तो बिस्किटांच्या जाहिराती करतो. पुढच्या वाघबारशीला जानकू पुन्हा वाघ झाला आणि त्याच्यामागे काठी घेऊन सगळ्यात पुढं लंकाबाई धावली. दोघं दिवसभर इतकं बोलतात, भांडतात, की म्हशीला आता कोणी विचारत नाही. प्रतिभाला मुलगी झाली. सुदर्शनचं फोनवरचं अर्धं बोलणं तिने आजवर कोणाला सांगितलेलं नाही: "पण ताई, आजींना हे केव्हाच ठाऊक आहे. त्या नाही म्हणायला फोन करत होत्या, तेव्हाच मी रद्द झाल्याचं सांगितलं. म्हणाल्या, बरं झालं, पण आमच्या घरी एवढ्यात कळवू नका."