निवडुंगाची तार

विद्यापीठातल्या साहेबांनी नयेलीला प्रयोगशाळा दिलीच नाही. मग तिनं मेक्सिकोतल्या मिल्पा आल्टा गावी आपल्या घरीच परातीत भाजीच्या निवडुंगाची पानं कुटून भिजवली. त्या बुळबुळीत रसाला टिचकी मारली की लाट थोडी पुढं जायची आणि रबरासारखी मागं ओढली जायची. उद्या परीक्षकांना हेच दाखवायचं होतं.

संध्याकाळी टिचकी मारली, तर लाट साध्या पाण्यासारखी पसरून गेली.

"आई! यात काय घातलंस?"

"मीठ. केवढी तार सुटली होती! अशी भाजी खाणार कोण?"

"भाजी नव्हती ती, माझी पदवी होती!"

आई कोयता घेऊन मळ्यात गेली आणि काटेरी पानांचा भारा घेऊन आली.

"रडतेस काय, भवाने? अख्खा जन्म या भाजीची तार मोडण्यात गेला माझा. आज सुटू दे हवी तेवढी."