दहाही बोटं शाबूत

दुसऱ्याला बढती मिळाली म्हणून हसत घरी येणारा माणूस म्हातारीने उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि पाहिला तो नेमका आपल्याच पोटचा निघाला. शेजारणीचा जावई ऑपरेटर झाला होता. परवापरवा कारखान्यात लागलेला, यानेच हाताला धरून शिकवलेला. आणि हा शहाणा त्याच्या दारात थांबून, त्याची पाठ थोपटून आला.

"लाज कशी वाटत नाही रे?" तिने ताट त्याच्यापुढे आदळलं. "तो मशीनवर बसणार, दीडपट पगार घेणार, आणि तू त्याच्यापुढे क्रेट ओढणार. उद्या त्याचं पोरगं कामाला लागेल, त्याच्यापुढेही ओढ."

"ओढीन की," तो जेवायला बसत म्हणाला.

"ऐकलंस?" म्हातारी सुनेकडे वळली. "हेल्पर म्हणून लागला, हेल्पर म्हणूनच घरी बसणार. साहेबापुढे तोंड म्हणून उघडायचं नाही."

सुनेचा वाढता हात थांबला. "साहेबांनीच दोनदा विचारलंय यांना. उद्या शेवटचं विचारणार आहेत. पुढे बाहेरून शिकलेली मुलं घेणार, मग हेल्परला कोण विचारतंय?"

"मग हा काय म्हणतो?"

"राहू दे गं," तो बायकोला म्हणाला.

"काय म्हणणार? तुम्ही शपथ घातलीय ना. मशीनला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणून."

म्हातारीला आधी आठवेचना. अशा शपथा ती उठताबसता घालायची, भाजीवाल्यालाही सोडायची नाही. मग आठवलं. हा पहिल्यांदा कामाला निघाला होता ती सकाळ. त्याच्या बापाची बोटं कारखान्यात प्रेसच्या मशीनखाली गेली, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तिने याचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला आणि त्याला शपथ घातली. तो कामावर गेला, ती धुण्याला बसली आणि विसरून गेली. वर इतकी वर्षं गल्लीभर सांगत फिरली, पोरगं नाकर्तं निघालं म्हणून.

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. दहाही बोटं शाबूत होती. पण क्रेट वाहून वाहून उजवा खांदा उतरला होता, सदरा त्या बाजूला लोंबत होता. रोज समोर जेवायला बसणारा मुलगा, आणि खांदा तिला आज दिसला.

तिने मघाशी आदळलेलं ताट हळूच त्याच्याजवळ सरकवलं. त्या घरात हे नवीनच होतं.

"शपथ सुटली," ती म्हणाली. "मी घातली, मीच सोडवते."

"आणि तुला काही झालं तर?" केस पिकायला लागलेला बाप्या, पण खरंच विचारत होता.

"मी इतक्यात मरत नाही. तू बोटं सांभाळ म्हणजे झालं. उद्या साहेबाला हो म्हणायचं."

त्याने निमूट मान हलवली. त्या सकाळीही त्याने अशीच हलवली होती. तेच तिला सोसलं नाही. तिने तोंड फिरवलं, डोळ्यांना पदर लावला आणि भिंतीकडे बघतच त्याला सुनावलं,

"आणि आईचं सगळंच ऐकायचं नसतं. एवढी अक्कल हेल्परलाही असते."