रस्त्यावरचं खळं

रस्त्यावर कुणीतरी उपटलेला उडीद पसरून ठेवला होता. धम्मानंदने वेग कमी केला, दोन चाकं डांबरावरून खाली उतरवली आणि नवीकोरी मारुती चिखलातून सावकाश पलीकडे काढली. एकही शेंग चिरडली नाही. स्वतःच्या चांगुलपणावर तो इतका खूश झाला की दारावर उडालेला चिखलही त्याने मनावर घेतला नाही.

मागून आरोळी आली.

"ओ साहेब! काहून बाजूनं चालला? माझ्या उडदानं काय घोडं मारलं तुमचं?"

जवळच्या तांड्यावरची पारुबाई हातात झाडायचा फडा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती. धम्मानंदने काच खाली केली.

"मावशी, धान्यावरून गाडी कशी घालायची?"

"मंग शोभेला टाकला का म्या रस्त्यावर?"

शेजारी बसलेली त्याची बायको सरिता खळखळून हसली. ती वसमतची, तिला सगळं ठाऊक. धम्मानंदचा जन्म औरंगाबादचा. गणपतीच्या सुट्टीत साखऱ्याच्या आत्याला गाडी दाखवायला निघाला होता.

"अहो, हे त्यांचं खळं. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्याच मळणी करतात."

"मग आधी नाही बोललीस?"

"तुमचं तोंड बघत होते. फार पुण्यवान दिसत होतं."

पारुबाईला हसायला वेळ नव्हता. "एक बैल लंगडून राहिला. सकाळधरनं बसले इथं. आज सुट्टी, तं गाड्याच न्हाईत. एक यष्टी गेली अन् दोन फटफट्या. आता ते बघा." तिने औंढ्याकडे बोट दाखवलं. तिकडे आभाळ काळंठिक्कर झालं होतं. उडीद भिजला की मोड येणार, आणि सालभराची डाळ गेली.

धम्मानंदने आभाळाकडे पाहिलं, मग गाडीकडे. आठच दिवस झाले होते. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा त्याने अजून काढलं नव्हतं.

"मावशी, गाडी नवी आहे हो."

"मंग बराबर हाय. म्हाताऱ्या बैलाला कोन जुपतं?"

त्याने गाडी वळवली.

पहिल्या फेरीला त्याने श्वास रोखून धरला. चाकांखाली शेंगा तडतडल्या, काड्या बुडाला घासल्या, त्याच्या काळजाला चरे पडले. दुसरी फेरी बरी गेली. चौथ्या फेरीला त्याचा कोपर खिडकीबाहेर आला. सरिता उतरून पारुबाईशेजारी दगडावर बसली आणि दोघी मिळून हुकूम सोडू लागल्या. "डावीकडं राहिलं! मागं घ्या, मागं!" दूधवाला सायकलवरून उतरला. शेरडं वळणारा प्रेमसिंग काठीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "बैल नवा हाय, पन गुणाचा हाय." धम्मानंदला हे ऐकू गेलं. बढती मिळाली तेव्हाही त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

वारं सुटलं तसे सगळेच कामाला लागले. प्रेमसिंगने काड्या उचलल्या, दूधवाल्याने पोत्याचं तोंड धरलं, सरिताने फडा हातात घेतला. पोतं बांधून तांड्याकडे निघालं आणि पहिला थेंब पडला.

पारुबाई मूठभर उडीद घेऊन आली.

"नको मावशी, घरी आहे उडीद."

"तुला कोन देऊन राहिलं, लेका?"

तिने ती मूठ गाडीच्या नाकाडावर, काचेला लागून ओतली आणि तापलेल्या पत्र्यावरून हात फिरवला. "खळ्यात राबल्याला घास द्यावा लागतो," ती म्हणाली आणि पोत्यामागे पळाली.

साखऱ्याच्या वाटेवर पावसाने गाठलं. समोरचं दिसेना.

"अहो, वायपर लावा की."

धम्मानंदने गाडी बाजूला घेऊन बाभळीखाली उभी केली. काचेच्या कडेला काळेभोर दाणे पाण्यात हलत होते.

"थांब जरा," तो म्हणाला. "खाऊ दे तिला."