मेमरी फुल

देवगाव फाट्यावर भागवतच्या चहाच्या हॉटेलासमोर दत्तरावांच्या नव्या मोटारसायकलीचा आरसा फुटला. मल्हारच्या बोकडानंच धडक मारली, असं दत्तरावांचं म्हणणं. आपलं जनावर गरीब हाय, असं मल्हारचं. एवढ्यावरून लहानपणापासूनच्या दोस्तांचं बोलणं बंद झालं.

निवाडा हॉटेलाचा कॅमेरा करणार होता. पण त्याचा पासवर्ड भागवत विसरला होता आणि परभणीचा कॅमेरेवाला 'उद्या येतो' म्हणत टाळत होता. दत्तराव रोज सकाळी त्याची वाट बघत बाकावर बसत. त्यांनी एकट्यानं काही बघू नये म्हणून मल्हारही येऊन बसे.

शेवटी कॅमेरेवाला उगवला. "त्या दिवशीचं आता न्हाई," तो म्हणाला. "मेमरी फुल झाली की जुनं पुसतंय आन् त्याच जागी नवं बसतंय. हे बघा, एवढंच हाय."

पडद्यावर दोन माणसं बाकाच्या दोन टोकांना पाठ फिरवून बसली होती. पुढच्या सकाळी ती जरा जवळ सरकली. मग एकाच कपातला चहा दोन बशांत ओतला जाऊ लागला. कालच्या चित्रात तर दत्तराव हसत हसत त्याच बोकडाला बिस्कीट भरवत होते. हे सगळं कधी झालं, ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

"काका, मोठी हार्डडिस्क टाकू का? मग जुनं लवकर पुसणार न्हाई."

दत्तरावांनी मल्हारकडं बघितलं.

"नको बाबा. हाय तीच लय झाली."